रूळ आधी, शहर नंतर

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्याला पोचली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ खाडी ओलांडून मुंब्र्याच्या बाजूने कल्याणला गेले. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८.४१ लाख आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत १२.४७ लाख माणसे मोजली गेली. नकाशावर पाहिले तरी मध्य रेल्वेची रेघ आणि दाट वस्तीचा पट्टा बरेचसे एकमेकांवर बसतात. त्यामुळे रेल्वेने ही शहरे घडवली, हे विधान शाळेच्या निबंधापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत कोठेही ऐकू येते आणि त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

दोन गोष्टी एकत्र आढळणे हा सहसंबंध. एकीमुळे दुसरी घडणे हा कार्यकारणभाव. सहसंबंध आकड्यांत दिसतो. कारण मात्र सिद्ध करावे लागते. ठाणे-कल्याणचा पट्टा ही सिद्धता तपासून पाहण्यासाठी फार सोयीचा आहे, कारण एकाच लोहमार्गावर येथे वेगवेगळ्या काळी दोन मोठ्या गोष्टींची जबाबदारी टाकली गेली: १८९६ नंतर प्लेग पसरवण्याची आणि विसाव्या शतकात शहरे वाढवण्याची. दोन्ही ठिकाणी सहसंबंध खरा होता. कारणाची गोष्ट मात्र दोन्ही ठिकाणी वेगळी निघाली.

आधी शहरांच्या तारखा पाहाव्यात. १९०१ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १६,०११ होती आणि कल्याणची १०,७४९. म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या गावाला आली, ते गाव जवळपास अर्धशतकानंतरही एक मध्यम आकाराचे जिल्ह्याचे ठिकाणच होते. कल्याणची स्थिती तर अधिक विचार करायला लावणारी आहे. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने पार केला. दख्खनकडे आणि उत्तरेकडे जाणारे दोन्ही मार्ग कल्याणला फुटत होते. इतके मोक्याचे जंक्शन मिळूनही गाव दहा-अकरा हजारांवरच राहिले. डोंबिवलीतून तर रूळ १८५४ सालीच गेले होते, पण विसावे शतक उजाडले तेव्हा तेथे भातखाचरे आणि पाडेच होते.

किंबहुना सुरुवातीच्या काळात रेल्वेने कल्याणचे काही हिरावूनच घेतले. घाटावरून बैलांच्या तांड्यांनी उतरलेला माल पूर्वी कल्याण, भिवंडी, पनवेल अशा खाडीकाठच्या बंदरांत थांबे, तेथे पडावांत चढे आणि पाण्याने मुंबईला जाई. माल थांबतो तेथे वखारी, हमाल, दलाल आणि सराफ असतात. डब्यात भरलेला माल कल्याणला थांबण्याचे कारण उरले नाही. एकच कारण एका काळात गाव रोडावायला हातभार लावते आणि दुसऱ्या काळात ते फुगवते, हे फक्त दोन टोकांचे आकडे जोडणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

दुसरा प्रश्न उलट दिशेचा आहे. रेल्वे या गावांत आली ती का? १८४३ मध्ये मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असताना मुंबई, ठाणे, कल्याण आणि दोन्ही घाट जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेचा इतिहास सांगतो. ही नावे त्यांनी हवेतून घेतलेली नव्हती. कल्याणचा उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आहे, ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे; १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर तेथल्या खाडीत आरमाराची उभारणी सुरू झाली. ठाण्यावर पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज एकामागून एक आले, ते साष्टीच्या तोंडावरचा किल्ला आणि खाडीचा अरुंद भाग ताब्यात राहावा म्हणून. घाटवाटा, खाडी आणि मुंबई यांच्यामधली ही जागा रेल्वेच्या आधी दीड-दोन हजार वर्षे मोक्याचीच होती. रेल्वे आणि वस्ती दोघींनाही त्याच भूगोलाने ओढून आणले असेल, तर दोघींच्या एकत्र असण्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

या अडचणीवर अर्थशास्त्रज्ञांनी एक चतुर तोड काढली आहे. डेव्ह डोनाल्डसन यांनी ब्रिटिशकालीन भारतातील रेल्वेचा अभ्यास करताना बांधलेल्या मार्गांबरोबरच, आखले गेले पण कधीच बांधले न गेलेले मार्गही तपासले. रेल्वे मुळातच भरभराटीच्या प्रदेशात जात असेल, तर न बांधलेल्या मार्गांवरच्या जिल्ह्यांतही भरभराट दिसायला हवी होती. ती दिसली नाही. बांधलेल्या मार्गांवर मात्र शेतीचे उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेले आढळले. म्हणजे रेल्वेचा परिणाम खरा होता. पण तो मालाच्या व्यापारातून शेतीच्या उत्पन्नावर झाला होता, आणि जिल्ह्यांचा तो हिशेब ठाणे-डोंबिवलीच्या इमारतींना तसाच लावता येत नाही.

प्लेगचे प्रकरण याहून अधिक स्पष्ट आहे, कारण तेथे प्रयोग करता आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगश यांनी प्लेगचे रोगी ओळखले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची वखारवस्ती. काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून निघाले. त्यांतले पुष्कळसे रेल्वेने ठाणे, कल्याण आणि पुढे घाटावर गेले. मागोमाग प्लेगही पसरला. साथ रुळांच्या कडेने चाललेली दिसत होती, म्हणून प्रवासी हेच साथीचे वाहन, असा सरकारने तर्क केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि प्रवाशांच्या तपासणीचे मोठे ठाणे कल्याण स्थानकात बसले. मुंबईहून घाटावर जाणारी प्रत्येक गाडी येथूनच जात असल्याने जागा सोयीची होती. प्रवाशांना खाली उतरवून रांगेत उभे करायचे, नाडी आणि जीभ पाहायची, ताप वाटला तर काखेत आणि जांघेत गाठ चाचपायची, संशयिताला बाजूला काढून छावणीत ठेवायचे. चारचौघांत, अनोळखी हातांनी होणारी ही तपासणी लोकांना, विशेषतः बायकांना, किती जाचक वाटली असेल ते वेगळे सांगायला नको. प्लेगच्या बंदोबस्तावरचा असाच संताप पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील गोळीबारापर्यंत गेला.

सरकारचा हा तर्क तीन जागी लंगडा होता. पहिली जागा नोंदीची: कल्याणला रोगी सापडत होते, कारण कल्याणला रोगी शोधले जात होते. जेथे कोणी गाठ चाचपत नव्हते, तेथे गाठ कागदावर येत नव्हती. दुसरी जागा अपवादांची. दमणला आणि कच्छमधल्या मांडवीला १८९७ मध्ये प्लेग गेला तो समुद्रमार्गे. तेथे रूळ नव्हतेच. आगगाडीतून आणि जहाजातून जाणारे समान असे काय होते, हा प्रश्न त्यातून सहज निघायला हवा होता. तिसरी जागा खुद्द रोगाची. प्लेगची बाधा झाल्यापासून ताप येईपर्यंत काही दिवस जातात. बाधा झालेला पण अजून ठणठणीत दिसणारा प्रवासी तपासणीतून बिनधोक सुटत होता, तर साधा हिवताप झालेला अडकत होता.

उंदीर आधी मरतात आणि मग माणसे, हे मुंबईच्या मांडवीतल्या रहिवाशांनीही पाहिले होते. पण हाही पुन्हा सहसंबंधच. उंदरांकडून माणसांकडे रोग जातो, की दोघांना तो एकाच दूषित जमिनीतून होतो, हे नुसत्या क्रमावरून ठरत नव्हते. २ जून १८९८ रोजी कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर जाळीने वेगळे ठेवले; दोघांचा स्पर्श होत नव्हता, पिसवा मात्र जाळीतून जाऊ शकत होत्या. निरोगी उंदराला प्लेग झाला. सिमोंवर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंच उंचीवरच्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, दोन फूट उंचीवरचे वाचले. हवा एकच, खोली एकच. बदलली ती फक्त उंची, आणि पिसू एवढी उंच उडी मारू शकत नाही. बारीक जाळीने झाकलेल्या पिंजऱ्यातले प्राणीही सुरक्षित राहिले. बाकी सारे जागच्या जागी ठेवून एकच गोष्ट बदलायची, ही कारण ओळखण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे.

तेव्हा रेल्वे निर्दोष होती काय? नाही. धान्याच्या गोण्यांतून, कापसातून, क्वचित प्रवाशांच्या गाठोड्यांतूनही पिसवा आणि उंदीर रुळांवरून प्रवास करत होतेच. गाडी साथ नेत होती. चूक झाली ती गाडीतले नेमके काय साथ नेते हे ठरवण्यात. फलाटावर माणसे चाचपली जात होती आणि त्याच स्थानकाच्या मालधक्क्यावरून पोती निर्वेध पुढे जात होती. अपुऱ्या कारणावर बेतलेला उपाय किती महाग पडतो, याचे याहून ठळक उदाहरण या पट्ट्याच्या इतिहासात नाही.

योगायोग असा की त्याच १८९६ साली लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी सहसंबंधाचा गुणांक काढण्याचे सूत्र मांडले. तीस वर्षांनी, १९२६ मध्ये, उडनी यूल यांनी त्या सूत्राचा एक धोका दाखवून दिला: काळाबरोबर सतत वाढणाऱ्या कोणत्याही दोन आकड्यांच्या मालिका घेतल्या, तरी त्यांचा सहसंबंध मोठा येतो, मग त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसो. १९५१ ते २०११ या काळात डोंबिवलीची लोकसंख्या वाढली, लोकलच्या फेऱ्या वाढल्या, घरोघरच्या दूरदर्शन संचांची संख्याही वाढली. दूरदर्शनने डोंबिवली वाढवली असे कोणी म्हणत नाही. लोकलबाबत मात्र तोच आकड्यांचा पुरावा पुरेसा मानला जातो.

निवडीचा दोषही ठाण्याला चांगला परिचयाचा आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही महाराष्ट्रभर चालणारी थट्टा १९०१ मध्ये येथे स्थापन झालेल्या मनोरुग्णालयामुळे रूढ झाली. मुंबईपासून दूरदूरचे रुग्ण तेथे येत राहिले. ते कोठून आले हे न पाहता कोणी ठाण्यातल्या मनोरुग्णांची मोजदाद केली, तर ठाण्याच्या हवेतच काही दोष आहे असे त्याला सिद्ध करता येईल.

शहरांच्या वाढीवर परळसारखा प्रयोग करता येत नाही. रूळ उखडून पन्नास वर्षे वाट पाहणे कोणाला शक्य नाही. अशा वेळी इतिहासकाराच्या हाती तुलना उरते, आणि हा पट्टा तुलनेला उदार आहे. कल्याणपुढे रूळ १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत आणि १८५६ मध्ये दुसऱ्या फाट्याने बदलापूरमार्गे खोपोलीकडे गेले. टिटवाळा मुंबईपासून ६४ किलोमीटर, बदलापूर ६८. अंतर जवळपास सारखे, रूळ येण्याचे वर्ष जवळपास सारखे, कंपनी तीच. २०११ मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १.७४ लाखांवर गेली होती. टिटवाळा मात्र दीर्घकाळ गणपतीच्या देवस्थानासाठीच ओळखले गेले, आणि त्यापुढचे वाशिंद लहान बाजारगावच राहिले. फरक रुळांत नव्हता. बदलापूरच्या फाट्यावर शेजारी अंबरनाथचे कारखाने होते, आयुध निर्माणी होती, पुढे औद्योगिक वसाहती आल्या. मुंबईला डोंबिवलीपेक्षा जवळ असलेले दिवा तर जंक्शन असूनही गेल्या दोन-तीन दशकांपर्यंत चिखल, मिठागरे आणि शेते यांतच होते.

उलट बाजूला भिवंडी. मुंबईची मुख्य लोहवाट तिला टाळून गेली. वसई-दिवा मार्ग तिच्या कडेने आला तोही १९८० च्या दशकात, आणि त्यावरून मुंबईला रोज ये-जा करण्याची सोय तशी झाली नाहीच. तरीही मागाच्या खडखडाटावर, आग्रा रस्त्यावर आणि विजेवर भिवंडी वाढली. २०११ मध्ये तिची लोकसंख्या सात लाखांवर होती. रेल्वे असून न वाढलेली गावे आणि रेल्वेवाचून वाढलेले शहर, दोन्ही एक-दोन तालुक्यांच्या परिघात असताना रेल्वे हे एकटे कारण मानणे कठीण होते.

मग १९०१ नंतर काय बदलले? एकापाठोपाठ एक बऱ्याच गोष्टी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली आणि १९२९ पर्यंत विजेच्या तारा पुण्यापर्यंत गेल्या. त्यासाठी रेल्वेने ठाकुर्लीला उल्हास नदीकाठी आपले वीजकेंद्र उभारले. ते चोळा पॉवर हाउस म्हणून ओळखले जाई. वाफेच्या गाडीपेक्षा विजेची गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि दाट अंतराने सोडता येते. रोज सकाळी कचेरीत जाऊन संध्याकाळी घरी परतणे यामुळे शक्य झाले. रूळ तेच होते, पण वेळापत्रक नवे होते, आणि चाकरमान्याच्या दृष्टीने खरी रेल्वे वेळापत्रक हीच.

तरीही वीज आल्यावर लगेच पूर आला नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जुन्या भाडेकरूला दिलासा मिळाला, पण भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधणे कोणाला परवडेना. लग्न होऊन वेगळा संसार थाटणाऱ्या गिरगाव-दादरच्या मुलाला मुंबईत खोली मिळेना, डोंबिवलीत मिळे. त्याच सुमारास फाळणी झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. छावणी तेथे असण्यात कल्याण जंक्शनचा वाटा होता, हे मान्य. पण बराकी निर्वासितांनी भरल्या त्या फाळणीने. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. डोंबिवलीतही रासायनिक आणि इतर कारखाने आले. पाण्यासाठी बारवीचे धरण झाले. जेथे नळ पोचला तेथे इमारती पोचल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गाभ्यातून माणसे बाहेर पडण्याला आणखी वेग आला: १९८१ ते १९९१ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३२.८५ लाखांवरून ३१.७५ लाखांवर उतरली. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याण महापालिका बरोबर एक वर्षाने स्थापन झाली, हे याच लोंढ्याचे प्रशासकीय रूप.

या साखळीत रेल्वेचे स्थान कोणते, हे ठरवायला तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९६५ मध्ये केलेली मांडणी उपयोगी पडते. आपण ज्याला कारण म्हणतो ते बहुधा एकटे पुरेसे नसते. ते अनेक अटींच्या एका जुळणीतला आवश्यक घटक असते, आणि त्या जुळणीऐवजी दुसरी जुळणीही तोच परिणाम घडवू शकते. मुंबईची घरटंचाई, दाट वेळापत्रक, पाणी, कारखाने आणि रूळ अशी एक जुळणी डोंबिवलीला घडवते. माग, वीज आणि महामार्ग अशी दुसरी भिवंडीला. पहिल्या जुळणीतून रूळ काढले तर ती कोसळते. पण रूळ एकटे ठेवले तर हाती १९०१ चे कल्याण उरते. वाढ कोठे होणार हे रेल्वेने ठरवले. केव्हा होणार ते मुंबईच्या खोल्यांच्या भाड्याने. स्थानिक इतिहास सांगताना ‘कोठे’चे उत्तर ‘का’चे उत्तर म्हणून दिले जाते, तेथेच बहुतेक गोंधळ होतो.

रेल्वे नसती तर काय झाले असते, हा प्रश्न पोकळ नाही. रॉबर्ट फोगेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेबद्दल तोच विचारला आणि कालवे व रस्ते यांच्या जोरावर ती अर्थव्यवस्था फारशी मागे पडली नसती, असे हिशेबाने दाखवले. १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मुंबईबाबत उत्तर बहुधा वेगळे येईल. बेट चिंचोळे, पूल मोजके. रोज लाखो माणसांना एका दिशेने नेणारी गाडी नसती, तर घरटंचाईचा दाब कदाचित तुर्भे-बेलापूरकडे आधी वळला असता, किंवा झोपडपट्ट्यांतून बेटावरच अधिक साचला असता.

वाढ सुरू झाल्यावर कारण आणि परिणाम जागाही बदलू लागले. आधी रूळ होते म्हणून लोक आले. मग लोक होते म्हणून रूळ वाढले. १९१६ मध्ये पूर्ण झालेला १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा लांबच्या गाड्यांचे वळण वाचवण्यासाठी होता. ठाणे-दिवा दरम्यान २०२२ मध्ये सुरू झालेली पाचवी-सहावी मार्गिका मात्र उपनगरी गर्दीनेच मागून घेतली. प्रत्येक नव्या फेरीने आणखी घरे विकली गेली आणि त्या घरांनी पुढची फेरी मागितली. अशा फिरत्या चक्रात कोणत्या वर्षी कोण कोणाच्या पुढे होते हे सुटे करूनच पाहावे लागते.

ठाण्याचा अलीकडचा विस्तार तर रुळांपासून दूर, घोडबंदर रस्त्याच्या कडेने झाला. कासारवडवलीपर्यंतची गृहसंकुले मोटार, बस आणि रिक्षा यांच्या भरवशावर उभी राहिली. वडाळ्याहून कासारवडवलीला जाणाऱ्या मेट्रोचे काम त्यांच्यामागून आले. १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणला पायाभरणी झालेला मेट्रो मार्ग ठाण्याहून कल्याणला जातो तो भिवंडीतून, म्हणजे ज्या शहराला मुंबईच्या लोहमार्गाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बाजूला ठेवले होते, त्याच्या मधून.